फराहबागेच्या तळ्यात पाणी होतं तेव्हा

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) येणारे पाहुणे बहुतेक भुईकोट किल्ला बघतात. १९४२ मध्ये पकडल्यावर जवाहरलाल नेहरूंना जिथं ठेवलं होतं ती खोली बघतात. वेळ असला तर डोंगरावर चढून सलाबतखानाची कबर, म्हणजे सगळे जिला ‘चाँदबीबीचा महाल’ म्हणतात ती इमारत बघतात आणि परत फिरतात. शहराच्या आग्नेयेला, लष्करी हद्दीच्या बाजूला असलेल्या फराहबागेकडे फारसं कोणी वळत नाही.

आम्हीही वळलो नसतो. पण नगरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांचं पत्र आलं. नववीच्या मुलांना घेऊन ते फराहबाग बघायला गेले होते. तिथं मुलांनी दोन प्रश्न विचारले. पहिला : महालाभोवतीच्या या तळ्यात पाणी कुठून यायचं, पावसाचं का? दुसरा : चुना पाण्यात विरघळतो असं पुस्तकात आहे, मग चुन्यात बांधलेल्या भिंती पाण्यात उभ्या कशा राहिल्या? सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की दोन्हींची उत्तरं त्यांच्याकडे नव्हती. आमच्याकडेही लगेच नव्हती. म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही तिघंजण सरांबरोबर तिथं जाऊन उभे राहिलो.

दिसतं ते असं. एक मोठं कोरडं तळं, तळाशी वाळकं गवत, आणि मधोमध एक अष्टकोनी दुमजली महाल. तोंडाशी दोन्ही मजल्यांइतक्या उंच कमानी आहेत. आत मधल्या दालनावर घुमट आहे, बाकीचं छत सपाट. भिंतींत कोनाड्यांवर कोनाडे, आणि त्यांच्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा, जिथं शिल्लक आहे तिथं. पारव्यांची वस्ती भरपूर. जुन्या गॅझेटिअरात तळ्याची रुंदी १५० फूट आणि खोली १७ फूट दिलेली आहे. म्हणजे एके काळी हा महाल म्हणजे एक बेटच होतं.

निजामशाहीतल्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) हे काम एकाहून अधिक कारभाऱ्यांच्या हातून गेलं. पहिलं बांधकाम पसंत न पडल्यामुळे ते पाडून पुन्हा बांधलं असं सांगतात. अखेर सलाबतखानानं १५८३ मध्ये ते पूर्ण केलं. मुर्तझा राज्यकारभारातून अंग काढून घेऊन एकांतात राहू लागला होता, आणि अशा माणसाला पाण्यानं वेढलेला महाल आवडला असेल तर नवल नाही. त्याचा शेवट मात्र उलटा झाला. १५८८ मध्ये त्याच्याच मुलानं त्याला हमामखान्यात कोंडून, खाली जाळ पेटवून, उकाड्यानं गुदमरवून मारलं.

आता पहिला प्रश्न घेऊ.

पाऊस पुरेल का?

हा हिशेब वर्गात फळ्यावर करण्यासारखा आहे. नगर पर्जन्यछायेत येतं. तिथं वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. दुसरीकडे, उघड्या तळ्यातून वर्षभरात जे पाणी वाफ होऊन जातं ते या हवेत ढोबळमानानं पावणेदोन मीटर, म्हणजे १७५० मिलिमीटर भरतं. दरवर्षी ६०० येणार आणि १७५० जाणार. वर्षाला ११५० मिलिमीटरची तूट!

तळं काठोकाठ भरून दिलं आणि नंतर फक्त पावसावर सोडलं, तर काय होईल? १७ फूट म्हणजे सुमारे ५.२ मीटर. वर्षाला १.१५ मीटर पातळी उतरली तर साडेचार वर्षांत तळ दिसायला लागेल. शिवाय जमिनीत झिरपणारं पाणी आपण हिशेबात धरलेलंच नाही. तळ्याच्या दर हजार चौरस मीटर पृष्ठभागामागे वर्षाला साडेअकरा लाख लिटर पाणी बाहेरून आणावं लागणार, म्हणजे सरासरी रोज तीन हजार लिटरच्या वर. तेही फक्त पातळी टिकवायला. बागेची झाडं, माणसं, जनावरं हे सगळं वेगळं.

तेव्हा मुलांना उत्तर द्यायचं ते असं, की पावसानं हे तळं टिकणंच शक्य नव्हतं. पाणी आणलेलं होतं. नगरच्या आसपास कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा गावांच्या बाजूनं शहराकडे येणारे खापरी नळ निजामशाहीत घातले गेले. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, सांधे चुन्यानं बंद करायचे, वरून दगडचुन्याचं बांधकाम करायचं आणि जमिनीखालून उतार धरून पाणी आणायचं. पंप नाही, इंजिन नाही. उगमाची पातळी शेवटाच्या पातळीपेक्षा उंच हवी, एवढीच अट. ती पाळायची तर कोसकोस अंतरावर पातळी अचूक मोजता आली पाहिजे. महालाची तारीफ करणारे बरेच भेटतात. आम्हाला विचाराल तर अधिक अवघड काम नळाचं होतं. महाल म्हणजे त्या नळाचं दिसणारं टोक. नळ तुटला, दुरुस्त करायला कोणी राहिलं नाही, की तळं चार-पाच वर्षांत कोरडं पडणार, हे आपल्या हिशेबातच आलं आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न लगेच येतो. शोभेसाठी तर होताच, पण गारव्यासाठीही होता. तळ्याच्या शंभर चौरस मीटर पृष्ठभागावरून मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं असं धरा. ते झालं आठशे लिटर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. दिवसभराची सरासरी काढली तर ही उष्णता २२ किलोवॉटच्या दरानं शोषली जाते. दीड टनी वातानुकूलन यंत्र पाच किलोवॉटच्या थोडं वर उष्णता ओढतं. म्हणजे शंभर चौरस मीटर पाणी म्हणजे अशी चार यंत्रं! इथं थोडं थांबायला हवं, कारण हा आकडा ऐकून मुलं हुरळून जातात. यातली बरीचशी उष्णता पाणी थेट उन्हातून घेतं, हवेतून नव्हे. तरी जी जमीन उन्हानं तापून हवा तापवणार होती तिच्या जागी पाणी आहे, आणि त्यावरून येणारा वारा उंच कमानींतून आत शिरतो, हा फायदा उरतोच.

आणि हा उपाय नगरलाच का चालतो, हे पाहायला दोन थर्मामीटर पुरतात. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगा. नगरच्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना, ओल्या फडक्याचा थर्मामीटर २२ अंशांच्या आसपास येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच २८ पर्यंतच उतरतो. नगरला अठरा अंशांची शिल्लक आहे, मुंबईला पाचाची. पाण्यातला महाल हा देशावरचा उपाय आहे. कोकणात त्यानं घामच वाढला असता.

चुना पाण्यात उभा कसा राहिला?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. महालाच्या मागच्या भिंतीशी, तळ्याच्या जुन्या पातळीच्या जवळपास, गिलाव्यावर पांढुरकी पावडर फुललेली होती. सर म्हणाले, “लोणा लागलाय.” ती पावडर बघून आम्हाला नगरपासून हजारो किलोमीटर दूर असलेलं एक देऊळ आठवलं, म्हणजे चर्च.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त इटलीत गेलो असताना व्हेनिसच्या उत्तरेला तोर्चेल्लो नावाच्या बेटावर आम्ही एक दुपार घालवली होती. समुद्रापासून वाळूच्या पट्ट्यांनी अलग झालेल्या उथळ खाऱ्या पाण्यात हे बेट आहे. तिथल्या चर्चची स्थापना ६३९ सालची, आणि आजची इमारत बरीचशी अकराव्या शतकाच्या सुरुवातीची. एके काळी गजबजलेलं हे गाव भोवतीचं पाणी गाळानं भरल्यामुळे आणि हिवतापामुळे उठलं. लोक व्हेनिसला गेले आणि जाताना इमारतींचे दगडही घेऊन गेले. आज तिथं मूठभर माणसं राहतात. पण चर्च उभं आहे, आणि त्याच्या भिंतींवर बायझंटाईन पद्धतीची अकराव्या-बाराव्या शतकातली कुट्टिमचित्रं आहेत. काचेचे आणि दगडाचे नखाएवढे तुकडे ओल्या चुन्यात एकेक करून दाबून केलेली ही चित्रं. एका टोकाला सोनेरी पार्श्वभूमीवर एकटी उभी मेरी, आणि समोरच्या पश्चिम भिंतीवर, बाहेर पडताना नजरेस यावा असा, अंतिम न्यायाचा दिवस.

सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. हवा लागत नाही म्हणून झीज नाही. असे तुकडे थोडे तिरके, एकसारखे नसलेल्या कोनांत बसवलेले असतात. आरशासारखी सपाट भिंत केली असती तर एकाच जागेवरून चकाकी दिसली असती. इथं आपण दोन पावलं सरकलो की वेगळे तुकडे उजळतात. प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम शिकवताना याहून चांगलं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

पण आम्ही तिथं थबकलो ते खालच्या बाजूला. खारी ओल भिंतीतून वर चढते, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. त्याचे स्फटिक वाढताना काचेमागचा चुना हळूहळू फोडत जातात. चित्र काचेचं असलं तरी ते चुन्यावर उभं आहे. चुना गेला की काच गळते. नगरला फक्त चुनाच आहे, काच नाही. पण रोग तोच, आणि औषधही.

आता चुन्याकडे येऊ. दख्खनचा पठारी भाग म्हणजे काळा बेसॉल्ट. चुनखडकाचे मोठे थर इथं नाहीत. मग चुना आला कुठून? ओढ्याकाठी आणि काळ्या जमिनीत पांढरट, वेड्यावाकड्या गाठी सापडतात. त्यांना आपण चुनखडी किंवा कंकर म्हणतो. ही कंकरं भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो खदखदतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळायचा. गडांवर बैलानं ओढायच्या गोल दगडी चाकाच्या अशा चुन्याच्या घाण्या तुम्ही पाहिल्या असतील. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. म्हणजे गवंडी करतो काय, तर खडक मऊ करतो, हवा तसा आकार देतो आणि परत खडक करून ठेवतो.

मुलांनी वाचलेलं चूक नव्हतं. विरलेला चुना पाण्यात थोडा का होईना विरघळतो, त्याचीच आपली चुन्याची निवळी. शिवाय साध्या चुन्याला घट्ट व्हायला हवा लागते, आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेपेक्षा हजारो पट सावकाश पसरतो. त्यामुळे साधा चुना पाण्याखाली मऊच राहतो. तळ्यात बांधायचं तर दुसरी युक्ती हवी.

ती युक्ती म्हणजे सुरखी, कमी भाजलेल्या विटांची पूड. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारे पदार्थ तयार होतात. या क्रियेला हवा लागत नाही, उलट पाणीच लागतं. चिकणमाती मिसळलेलं कंकर भाजलं तर हा गुण काही प्रमाणात चुन्यात आपसूकच येतो. म्हणजे बेसॉल्टच्या प्रदेशात शुद्ध चुनखडक नसणं ही पाण्यातल्या बांधकामापुरती सोयच ठरली. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालत. बायझंटाईन गवंडी आपल्यासारखीच विटांची पूड वापरत, आणि कुट्टिमचित्राखालच्या गिलाव्यात गवताच्या काड्या चिरून घालत, म्हणजे गिलावा लवकर सुकून तडकू नये. आपल्याकडे ताग घालतात, गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालतात. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि मिश्रण कमी पाण्यात सैल होतं. त्यामुळे गुळाची गोष्ट ही केवळ आजीबाईची कथा नाही.

हा चुना मऊ असतो आणि त्यातून वाफ आरपार जाऊ शकते, हा त्याचा दोष नव्हे. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. मीठ साचलंच तर ते गिलाव्यात साचतं. गिलावा झिजतो, दगड वाचतो. पन्नास-शंभर वर्षांनी गिलावा बदलायचा असतो, भिंत नाही.

हे आम्ही शिकलो ते पुस्तकातून नव्हे, घरच्या नुकसानीतून. आमच्यापैकी एकाच्या गावच्या वाड्याची भिंत खालून ओली राहायची. एका कंत्राटदारानं भरवसा दिला आणि जमिनीपासून तीन फूट सिमेंटचा पक्का गिलावा करून दिला. आम्हीच मान डोलावली होती, हेही सांगायला हवं. दोन पावसाळे भिंत छान दिसली. तिसऱ्या वर्षी ओल त्या तीन फुटांच्या वर, आजोबांनी करून घेतलेल्या जुन्या गिलाव्यात निघाली. पूर्वी गुडघ्याएवढी होती ती छातीपर्यंत आली. पाण्याला खाली बाहेर पडायची वाट उरली नव्हती, म्हणून ते वर चढलं. सिमेंट काढायला गेलो तर त्याला चिकटून विटांचे पापुद्रे निघून आले.

फराहबाग केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे तिथं कोणी मनाला येईल तसा गिलावा करू शकत नाही. पण जिल्ह्यात किती वाडे, वेशी, बारवा, देवळं आणि जुन्या शाळा याच चुन्यात उभ्या आहेत! त्यांच्या दुरुस्तीचा ठराव गावात होतो, आणि त्या बैठकीत शाळेचे मुख्याध्यापक बहुधा हजर असतात. ‘सिमेंट मजबूत’ हे वाक्य तिथं कोणी म्हटलं तर ‘कोणासाठी मजबूत?’ असं विचारायला हरकत नाही. तोर्चेल्लोलाही एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली काही मूळ चेहरे काढून नवे बसवले गेले. ते आता परत येणार नाहीत.

वर्गात करण्यासारखं बरंच आहे. फराहबागेतून मात्र काही उचलू नका, खाली पडलेला तुकडासुद्धा नाही. गावात एखादा जुना वाडा पाडत असतील तर तिथला चुन्याचा गोळा मागून आणा. फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका. बाहेरचा भाग रंगहीन राहील, कारण तो पुन्हा चुनखडी झालेला आहे. जाड भिंतीच्या पोटातला गोळा असेल तर आत गुलाबी रंग उमटण्याची शक्यता आहे, म्हणजे तिथला चुना अजून हवेची वाट बघतो आहे. दुसरा तुकडा लिंबाच्या रसात टाका आणि फसफसणं बघा. लोणा समजायला एक वीट मिठाच्या पाण्यात उभी करून खिडकीत ठेवा. आठवड्याभरात ओल कुठवर चढली आणि पांढरं कुठं फुललं, ते मुलांनी रोज पट्टीनं मोजावं.

तळ्याचा प्रश्न मात्र दोन पेल्यांत सुटतो. विरलेला चुना (कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यात गेला तर इजा होते) एका वाट्यात वाळूबरोबर आणि दुसऱ्यात वाळू आणि सुरखीबरोबर मळून लिंबाएवढे गोळे करा. ओल्या गोणपाटात दोन आठवडे ठेवा, मग एकेका पेल्यात पाण्यात सोडा. सुरखीसाठी वीट गावठी भट्टीतली, कमी भाजलेली घ्या आणि पूड गव्हाच्या पिठाइतकी बारीक करा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा वीट जास्त भाजलेली होती आणि दोन्ही गोळे विरघळले. दुसऱ्या वेळी साध्या चुन्याच्या गोळ्याचा दुसऱ्या दिवशी चिखल झाला. सुरखीचा गोळा अजून पेल्यात आहे. दर सोमवारी त्यावर नखानं ओरखडा काढून बघतो. गेले तीन सोमवार ओरखडा उठत नाही. पेल्यातलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी वरून घालावं लागतं.